तीन एकर वाड्याला, धंदा मुंबईत: बॉबकॅट घ्यावा की छोटा ट्रॅक्टर?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे विक्रोळीत राहतात. वाडा तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे, दीड एकर भातखाचरं आणि बाकीची वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. मेहुण्याबरोबर ते मुंबईत सोसायट्यांच्या बागा करणं, माती भरणं, डेब्रिज उचलणं अशी छोटी कंत्राटं घेतात. आता त्यांना एक जुना स्किड स्टीअर लोडर, म्हणजे पुढे बकेट असलेलं, जागच्या जागी वळणारं माती उचलायचं छोटं यंत्र, कंपनी कुठलीही असो आपण सरसकट ज्याला बॉबकॅट म्हणतो तो, दहा लाखांत मिळतोय. मॉडेल २०१३चं, मीटरवर २१०० तास. तो घेतला तर शेती आणि धंदा दोन्ही भागेल का? की त्यापेक्षा छोटा ट्रॅक्टर घेऊन त्यालाच पुढे लोडर बसवावा? आणि सांभाळायला काय काय लागतं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. शेतासाठी छोटा ट्रॅक्टर घ्या, पण पुढचा लोडर न बसवता. बॉबकॅट घ्यायचा की नाही हे तो वर्षाला किती तास कामावर असेल एवढ्यावरच ठरवा, आणि तो घेतलाच तर त्याला वाडा दाखवू नका. शेतातलं बांधबंदिस्तीचं काम वर्षातून दोन-तीन दिवसांचं असतं, त्याला जेसीबी भाड्याने बोलवा.

माझी मानखुर्दला शेड आहे. २००३ पासून हाच धंदा. तीन लोडर आहेत. उन्हाळ्यात नालेसफाई, एरवी बेसमेंट, पोडियम, रिडेव्हलपमेंटच्या साइट. गावी सुधागडला २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे. त्यामुळे दोन्हींचे लाड करून झालेत आणि दोन्हींचे रुसवेही काढून झालेत.

पहिला हिशोब पैशांचा. दहा लाखांवर वर्षाला बारा टक्के व्याज धरा. यंत्र नुसतं उभं राहिलं तरी १ लाख २० हजार गेले. तुमच्या तीन एकरांत लोडरचं काम फार तर तीस तासांचं. म्हणजे डिझेल टाकायच्या आधीच तासाला ४००० रुपये. तेच यंत्र मुंबईत ८०० तास चाललं तर हा बोजा तासाला १५० रुपयांवर येतो. त्यावर डिझेल तासाला चार ते सहा लिटर, ऑपरेटर, टायर, आणि मी कायम बाजूला काढून ठेवतो तो दुरुस्तीचा गल्ला. वर्षाला पाचशे तासांचं काम हातात नसेल तर मी स्वतः मशीन घेत नाही, भाड्याने लावतो. तुमच्या मेहुण्यांना मागच्या वर्षीच्या कामांची वही काढायला सांगा आणि 'साधारण' हा शब्द न वापरता तास मोजा. पुढच्या वर्षी येणार असलेली कामं धरू नका. ती माझ्याकडेही दरवर्षी येणार असतात.

आता तो लोडर शेतात का नको, ते. हे यंत्र जन्मलं कुठे बघा. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लुईस आणि सिरिल केलर या भावांनी ते एका टर्की पाळणाऱ्यासाठी बनवलं. त्याच्या दुमजली खुराड्यात खांबांच्या मधून वळेल आणि वरच्या मजल्यावर चढवता येईल इतकं हलकं काहीतरी त्याला शेण काढायला हवं होतं. तेव्हा ते तीनचाकी होतं. पुढे मेलरो कंपनीने ते हातात घेतलं, १९६० मध्ये चार चाकं आली आणि १९६२ मध्ये बॉबकॅट हे नाव. सांगायचा मुद्दा हा की जमीन कडक, जागा अडचणीची आणि माल सुटा, अशा कामासाठी याची बांधणी आहे. मुंबईतलं बेसमेंट म्हणजे त्या खुराड्याचंच भावंड. भातखाचर नव्हे.

याला स्टीअरिंग नाही. डाव्या बाजूची दोन्ही चाकं एका हायड्रॉलिक मोटरवर, उजवीकडची दुसरीवर. एक बाजू जोरात, दुसरी हळू किंवा उलटी, की मशीन चाकं फरफटवत जागच्या जागी वळतं. काँक्रीटवर त्याची किंमत टायर मोजतो. खाचरात तुमची माती मोजते. वर्षानुवर्षं चिखलणी करून भाताच्या मातीखाली जो घट्ट थर बसलेला असतो, त्याच्यावरच पाणी उभं राहतं. अडीच-तीन टनांचं मशीन ओल्यावर दोनदा गरकन वळलं की तो थर खरवडला जातो. मग पुढच्या आषाढात एका कोपऱ्यात पाणी ठरत नाही आणि माणूस उंदराच्या बिळाला शिव्या देत बांध बुजवत बसतो. वाडा कोलम भात लावत असाल तर हा खेळ करूच नका.

मग ट्रॅक्टरला लोडर? छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसतो, विकणारा बसवून देतो, चालवूनही दाखवतो. पण लोडरचं काम म्हणजे पुढे जा, भर, मागे ये, वळ, ओत. तासाला शंभरेक वेळा पुढे-मागे. बॉबकॅटमध्ये हे हायड्रोस्टॅटिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर होतं, क्लच मधे येतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना गिअर आहेत, म्हणजे प्रत्येक वेळी पाय क्लचवर. शेतीत वर्षानुवर्षं टिकणारी क्लच प्लेट लोडरवर दोन हंगामांत जळालेली मी पाहिलीय. दुसरं, भरलेल्या बकेटचं सगळं वजन पुढच्या एक्सलवर येतं. मागे वजन लावलं नाही तर मागची चाकं हलकी होतात, आणि ट्रॅक्टरचे ब्रेक तर मागेच. उतारावर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. शेणखत, पेंढा, मळणीनंतरचा कोंडा असं हलकं उचलायचं असेल तर ठीक. मुरूम उचलायला नाही.

ट्रॅक्टर कुठला, यावर फार वेळ घालवू नका. महिंद्रा जिवो, कुबोटा निओस्टार, व्हीएसटी, स्वराज, कॅप्टन; २० ते २८ एचपीत फोर व्हील ड्राइव्ह घ्या आणि वाड्यापासून ज्याचा सर्व्हिसवाला जवळ आहे तो घ्या. कोकणपट्टीत ओल्या खाचरातून बांध ओलांडायचा असतो, तिथे टू व्हील ड्राइव्ह घेऊन रोजाने ढकलायला माणसं शोधू नका. दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, आणि ट्रॅक्टरच्या टायर व सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर. शिवाय जानेवारी २०२३ पासूनचे धुराचे ट्रेम फोर निकष ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना आहेत. छोट्यांमध्ये अजून साधा डिझेल पंप आहे, तालुक्याचा मेकॅनिक तो उघडू शकतो. हे सुख किती दिवस टिकेल माहीत नाही, तोवर उपभोगा.

ट्रॅक्टरची देखभाल सोपी आहे, फक्त चिखलणी संपल्यानंतरचे दोन दिवस त्याला द्यावे लागतात आणि नेमके तेच दोन दिवस लावणीच्या घाईचे असतात. ट्रॅक्टर तसाच चिखलासकट पडवीत उभा राहतो तो थेट दिवाळीला दिसतो. तोवर पुढच्या हबमध्ये पाणी, ब्रेकमध्ये चिखल, आणि रोटाव्हेटरच्या टोकाच्या बेअरिंगला भाताच्या धसकटांचा वेढा. मी करतो ते असं: चिखलणी सुरू असताना रोज संध्याकाळी पुढच्या एक्सलच्या निपलांना जुना काळा ग्रीस बाहेर येऊन नवा दिसेपर्यंत ग्रीस मारायचा. काम संपलं की धुवायचं, पण प्रेशरचं पाणी ऑइल सीलवर, अल्टरनेटरवर, एअर क्लीनरच्या तोंडावर मारायचं नाही. मग पुढच्या एक्सलचा आणि गिअरबॉक्सचा खालचा नट किंचित सैल करायचा. पाणी तेलापेक्षा जड, तेच आधी येतं. पाणी आलं तर तेल बदला, तिथे काटकसर नाही.

एअर क्लीनर ऑइल बाथचा असेल तर त्याची वाटी रोटाव्हेटरच्या दिवसांत रोज उघडून बघा. तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ दिसला की तेल टाकून द्या. क्लच पेडलला पुस्तकात दिला असेल तेवढा मोकळा खेळ ठेवा आणि चालवणाऱ्याचा पाय पेडलवर विसावू देऊ नका. डांबरी रस्त्यावर फोर व्हीलचा दांडा काढलेलाच हवा, नाहीतर पुढचे टायर आणि दातऱ्या दोन्ही झिजतात. रोटाव्हेटरची पाती झिजली की डिझेल जास्त जातं, हे हिशोबात दिसत नाही म्हणून लोक बदलत नाहीत. पाती पूर्ण संच बदला. चार नवी, बाकी जुनी असं केलंत तर रोटर थरथरतो आणि बेअरिंग जातं.

पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवू नका. तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. लुंगीचा सोगा, साडीचा पदर किंवा गळ्यातला गमछा सापडला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आणि ट्रॅक्टर चिखलात रुतला तर मागच्या चाकाला ओंडका बांधून पुढे काढायचा जो प्रकार गावोगाव करतात, तो करू नका. चाक फिरत नाही, मग ट्रॅक्टरच एक्सलभोवती फिरतो आणि चालवणाऱ्यावर पालथा होतो. रिव्हर्समध्ये निघतो का बघा, नाहीतर खणा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर आणा.

आता बॉबकॅट, कारण तुमचं मन त्याच्यावर बसलंय हे प्रश्नावरूनच कळतं.

या यंत्राचा जीव चेनकेसमध्ये असतो. दोन्ही बाजूंना मोटरपासून पुढच्या-मागच्या चाकांपर्यंत चेन जातात, त्या तेलात बुडालेल्या. वरून काही दिसत नाही, आवाज नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. म्हणून कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. एका वर्षी मिठी नदीच्या एका भागात नालेसफाईला मशीन लावलं होतं. नालेसफाईला ३१ मेची मुदत असते, शेवटच्या आठवड्यात मशीन दोन पाळ्यांत चालतं. गाळात काय नसतं? प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, पतंगाचा मांजा, कोळ्यांच्या जाळ्यांचा तंगूस. हे सगळं मागच्या डाव्या एक्सलला गुंडाळलं जात होतं. ऑपरेटर रोज कोयत्याने बाहेरचा गुंता कापायचा आणि आम्ही समाधान मानायचो. मधला तंगूस मात्र आत सरकत चाक आणि हाउसिंगच्या फटीत गेला, फिरून फिरून गरम झाला आणि सुरीसारखा सीलमध्ये घुसला. तेल बाहेर आलं नाही, म्हणून कळलं नाही. पाणी आत गेलं. २८ मेला चढावावर 'टक्' असा एकच आवाज, आणि डावी बाजू मेली. आमचे फिटर मामा नाल्यातच कव्हर उघडून बसले. आत तेल नव्हतंच, टपरीवरच्या कटिंगच्या रंगाचं काहीतरी होतं, आणि चेनच्या कड्या बोटाने हलवल्या तर वाकलेल्याच राहत होत्या. मामा एवढंच म्हणाले, "शेठ, हा प्लग दोन वर्षांत कुणी खोललेला नाही." दंड, क्रेन, दुसऱ्या मशीनचं भाडं, दोन चेन, चार सील. पाच मिनिटांचं काम होतं.

तेव्हापासून आमच्याकडे दर शनिवारी चेनकेसचा प्लग उघडतो. बोट घाला, तेल बघा, बोटांवर चोळून बघा. पांढुरकं दिसलं तर पाणी, चमचमलं तर धातू. नाल्याचं किंवा कचऱ्याचं काम असेल तर आठवड्यातून एकदा चाक काढून आतला गुंता कापायचा, बाहेरून नाही.

चेनचाच दुसरा शत्रू टायर. एका बाजूची दोन्ही चाकं चेनने बांधलेली, म्हणजे त्यांचे फेरे कायम सारखे. आता एक टायर फाटला, तुम्ही पैसे वाचवायला एकच नवा घातला आणि शेजारचा झिजलेला ठेवला. दोघांच्या व्यासात साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडला तरी प्रत्येक फेऱ्यात एक टायर दुसऱ्यापेक्षा अकरा सेंटिमीटर जास्त चालू पाहतो. मातीत तो घसरून फरक मोडतो. काँक्रीटवर घसरायला जागा नाही, ती ओढाताण चेन आणि एक्सल सोसतात. म्हणून टायर जोडीने बदला, एका बाजूचे दोन्ही. आणि हवा चारी चाकांत सारखी. मला मातीवर एक संच हजार तासांच्या आसपास जातो, काँक्रीटवर त्याच्या निम्म्यानेही नाही. ऑपरेटर जागच्या जागी गरगर फिरवतो की रिक्षावाल्यासारखं पुढे-मागे करत वळवतो, यावर बरंच अवलंबून असतं. नवा मुलगा कामावर घेताना मी त्याला बकेट भरायला लावत नाही, वळून दाखव म्हणतो.

ग्रीस रोज सकाळी, मशीन चालू करायच्या आधी. आर्मच्या पिना, सिलिंडरची दोन्ही टोकं, बकेट पकडणाऱ्या पट्टीचे सांधे आणि खालच्या खुंट्या. डझनभर तरी निपल आहेत, दहा मिनिटं लागतात. पिन-बुश खाल्लं की बकेट खडखडायला लागते, मग भोकंच अंडाकृती होतात, आणि ती वेल्डिंगने भरून पुन्हा बोअर करायला मशीन चार दिवस शेडमध्ये. दसऱ्याला लोक मशीन धुऊन झेंडूचा हार घालतात, हळद-कुंकू लावतात. आमच्याकडे त्या दिवशी मामा प्रत्येक निपलात टाचणी घालून बघतात, कुठलं बुजलंय ते.

तेलाचं वेळापत्रक पुस्तकात असतं. मी इंजिन ऑइल २५० तासांना, हायड्रॉलिक फिल्टर ५०० ला, हायड्रॉलिक आणि चेनकेसचं तेल १००० ला बदलतो. मुंबईच्या धुळीत आणि दोन पाळ्यांत यापेक्षा ताणू नका. हायड्रॉलिकला तेल कमी पडून मारत नाही तेवढी घाण मारते. काँक्रीट फोडायचा ब्रेकर किंवा खड्डे घ्यायचा ऑगर जोडताना कपलरची दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पुसायची. फडकं ऑपरेटरच्या मागच्या खिशातलं नको, त्याने घाम, तंबाखू सगळं पुसलेलं असतं. होज कुठे पाझरतोय हे हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत घुसतं. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते आणि दोन दिवसांत बोट कापायची पाळी येऊ शकते. पुठ्ठा फिरवा. अंगात घुसलंच तर वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरांना 'हायड्रॉलिक ऑइल, प्रेशरने' असं स्पष्ट सांगा.

सीटचा बार खाली केल्याशिवाय आर्म हलत नाही, ही सोय ऑपरेटरला कटकट वाटते. फिटरला पन्नास रुपये दिले की तो वायर जोडून देतो. जुन्या मशीनमध्ये हे हमखास सापडतं. तुमच्यात सापडलं तर घेतल्या दिवशीच ती वायर काढा. या मशीनमध्ये चढायचं-उतरायचं बकेटवरून, आर्मच्या खालून. पाय लिव्हरला लागला आणि आर्म आला तर माणूस केबिनच्या चौकटीत सापडतो. आणि आर्म वर करून खाली काम करायचं असेल तर लोखंडी सपोर्ट लावूनच. विटा-फळ्यांवर ठेवून नाही.

बकेट भरण्याचा मोह. या वर्गातल्या मशीनची कामाची क्षमता सहाशे किलोंच्या आसपास असते. ती काढतात कशी, तर जेवढ्या वजनाला मशीन पुढे लवंडतं त्याच्या निम्मी. बकेट सुमारे ०.४ घनमीटरची. ओला गाळ घनमीटरला दीड ते पावणेदोन टन. म्हणजे गच्च भरलेली एक बकेट ७०० किलोपर्यंत जाते, आणि ऑपरेटरला वाटतं मी नेहमीसारखीच भरतोय. कोरडं डेब्रिज आणि ओला गाळ यांत डोळ्याला फरक दिसत नाही, मागच्या चाकांना कळतो. चढ-उतारावर नियम एकच: जड बाजू चढाकडे. बकेट रिकामी तर इंजिनाची मागची बाजू जड, म्हणून रॅम्पवर रिव्हर्सने चढा. टेम्पोत चढवतानाही तसंच. भरलेली असेल तर तोंड चढाकडे.

टेम्पोवरून आठवलं: हे मशीन टाटा ४०७वर टाकू नका. टाकतात सगळे, माहितीय. अडीच-तीन टन मशीन, वर बकेट, ब्रेकर. त्याला आयशरसारखी मोठी गाडी लागते. शेतीच्या नावाने नोंदवलेला ट्रॅक्टर मुंबईत साइटवर मातीच्या ट्रॉलीला जुंपायचा विचार मनात असेल तर तोही काढून टाका. अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न हाच विचारतो. पोडियमच्या किंवा जुन्या इमारतीच्या स्लॅबवर मशीन चढवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद हातात हवा, बिल्डरच्या सुपरवायझरचं 'काही होत नाही' चालत नाही. बेसमेंटमध्ये डिझेल मशीन चालवायचं तर धूर बाहेर ओढणारा पंखा आधी लावा. त्या धुरात नुसती डोकेदुखी नसते, माणूस झोपल्यासारखा खाली बसतो.

मुंबईचे म्हणून काही खास आजार. खाडीची हवा सिलिंडरच्या चकचकीत रॉडला बारीक खड्डे पाडते, ते खड्डे सील कापतात. मशीन उभं करताना आर्म पूर्ण खाली, बकेट जमिनीवर सपाट, आणि जेवढा रॉड उघडा राहील त्यावर ग्रीसचा हात. रेडिएटरमध्ये थर्माकोलचे दाणे आणि पिशव्यांचे तुकडे अडकतात. पंख्याच्या हवेच्या उलट दिशेने हवा मारा, नाहीतर कचरा आणखी आत बसतो. उंदीर-घुशी वायरिंग खातात. मी सगळे उपाय करून पाहिले. शेवटी इंजिनाचं मागचं दार रात्री उघडं ठेवून आत बल्ब लावतो, उजेडात त्या कमी येतात. पावसाळ्यात संध्याकाळीच टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत हवेतलं पाणी धरतं. सकाळी वॉटर सेपरेटरमधून कपभर डिझेल काढून बघा.

आणि पाण्यात बुडालेलं मशीन चालू करू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा माझा पहिला लोडर शेडमध्ये छातीभर पाण्यात होता. पाणी उतरल्यावर ऑपरेटरने मायेपोटी आधी सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. नुसतं तेल, फिल्टर, डिझेल बदलून जे वाचलं असतं ते अर्ध्या इंजिनावर गेलं. बुडालं तर बॅटरी सोडवा, इंजेक्टर काढून हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, सगळी तेलं बदला, मगच किल्ली.

आता तुमचं ते २०१३चं मशीन. २१०० तास म्हणजे वर्षाला पावणेदोनशे. कंत्राटदाराचं मशीन एवढं कमी चालत नाही. एकतर मीटर बदललाय किंवा ते बरीच वर्षं बंद पडून होतं. दोन्ही वाईट, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. मीटरवर विश्वास न ठेवता पेडलचं रबर, लिव्हरच्या मुठी, सीटची कड, बकेटच्या खालच्या पत्र्याची जाडी बघा. ही मंडळी खोटं बोलत नाहीत. सीरियल नंबर घेऊन त्या कंपनीच्या डीलरकडे जुन्या सर्व्हिसची नोंद आहे का विचारा. मूळ बिल, फायनान्सचा बोजा उतरल्याचं पत्र आणि विमा यांच्या प्रती आधी मागा. 'कागद येतील' म्हणाला तर तिथून परत फिरा.

जाताना बरोबर मेकॅनिक न्या आणि चेनकेसच्या प्लगचा पाना न्या. मालकाने प्लग उघडू दिला नाही तर बाकी काही बघायची गरज नाही. बकेट पूर्ण वळवून धरा आणि इंजिन किती दबतं ऐका. थोडं दबेल, बंद पडायला आलं किंवा पंप शिट्टी वाजवायला लागला तर पंपाकडे बघावं लागेल. आर्म अर्धवट वर करून इंजिन बंद करा, खडूने खूण करा, बाजूला उभे राहून दहा मिनिटं थांबा, किती खाली येतो बघा. मोकळ्या सपाट जागेत दोन्ही लिव्हर सारखे ढकला. मशीन एका बाजूला ओढत असेल तर आधी चारी टायर मोजा, ते सारखे निघाले तर त्या बाजूचा पंप किंवा मोटर थकलीय आणि दहा लाखांतले दोन-अडीच तिथेच वजा धरा. हे सगळं तेल तापल्यावर, अर्धा तास चालवून पुन्हा करा, कारण थकलेला पंप गार तेलात जवानासारखा वागतो.

मात्र इंजिनाची परीक्षा गार असतानाच. सकाळी आठच्या आत पोचा आणि आधी ब्लॉकवर हात ठेवा. पहिल्या सेल्फला उठतं का, धूर पांढरा किती वेळ राहतो, निळा आहे का, हे फक्त गार इंजिन सांगतं. विकणाऱ्याने तुमच्या आधीच चालू करून तापवून ठेवलं असेल तर काही बोलू नका. चहा मागवा, आणि गार होईपर्यंत बसा.